दिवाळी झाली की एक खोली पुढं

माझी बायको गेली आन् घरातलं गोष्टी सांगणारं माणूस गेलं. आबांच्या गोष्टी ती सांगायची. मी नुसतं 'व्हय, व्हय' म्हणायचो, आन् मधेच काही बोललो तर म्हणायची, "तुम्ही गप बसा, तुम्ही तवा ड्युटीला होता." आता गप बसवणारं कोणी नाही, म्हणून मी सांगतो. चौथी शिकलेला माणूस आहे, लिहायची सवय नाही. गोड करून सांगता येत नाही. जसं होतं तसं सांगतो.

आबा म्हणजे आमचे शिरूरचे घरमालक. धनगर माणूस. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं. पुढं पोरांनी मेंढरं विकायला लावली आन् रस्त्याकडंच्या रानात पत्र्याच्या खोल्यांची एक लाइन उभी केली. आठ खोल्या, पुढं अंगण, एका टोकाला नळ आन् लिंबाचं झाड, दुसऱ्या टोकाला मागनं जाणारं गटार. पोरं स्लॅबच्या घरात राहायची. आबा लिंबाखाली राहायचे. राहायचे म्हणजे झोपायचे पण तिथंच, घोंगडीवर. पाऊस आला तर बैलगाडीच्या जुन्या साटीखाली सरकायचे. पोरगा ओरडायचा, "आबा, लोकं आम्हाला नावं ठेवत्यात." आबा म्हणायचे, "ठिवू दे. नावं ठिवली म्हून माणूस भिजत न्हाई."

आम्ही त्यांच्याकडं कसे पोचलो ते आधी सांगतो.

लग्नानंतर आम्ही दौंडला होतो. मालधक्क्यावर पोती उतरवायचं काम, आन् राहायला मेव्हण्याच्या घराचा व्हरांडा, गोणपाटाचा पडदा लावून. बायको म्हणायची, "नव्या नवरीला पडदा पाहिजेच की." हसून म्हणायची, पण म्हणायची. मग रांजणगावला कारखाने यायला लागले. एका कारखान्यात पॅकिंगला हेल्पर म्हणून लागलो आन् शिरूरला खोली बघायची वेळ आली. माझं गाव घोडनदीच्या काठी, इनामगावापासून लांब नाही. बायको राहू गावची. शिरूर काही परमुलूख नव्हता. पण बाजाराला येणं वेगळं आन् राहायला येणं वेगळं.

एक तर खोली परवडली पाहिजे. परवडणारी सापडली की दुसरी अडचण पुढं. आम्ही बौद्ध. तेव्हा कारखान्यांमुळं सगळ्या गल्ल्यांत 'खोली भाड्याने देणे आहे' असे बोर्ड लागले होते. बोर्ड बघून आत गेलं की पाणी मिळायचं, बसायला मिळायचं, मग गाव विचारायचे. गाव सांगितलं की, "तिथं आमचे पाव्हणं हायती की! आडनाव काय तुमचं?" आडनाव सांगितलं की माणूस खांबाकडं बघायला लागायचा. एक बाई म्हणाली, "आम्हाला काही न्हाई हो, पण सासूबाईंचं देवधर्म हाय." एक जण म्हणाला, "आत्ताच, तुमच्या जरा आधी, पाव्हण्याला दिली खोली." पुढच्या आठवड्यात त्याच दारावरनं जाताना बोर्ड तसाच. बायको रस्त्यात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "पाव्हणा बोर्डावर झोपतो वाटतं!" मी तिला ओढून पुढं नेलं.

असं सुट्टीच्या दिवशी फिरून फिरून आम्ही एका लिंबाखाली भाकरी सोडायला बसलो. तिथं एक म्हातारा टकळीवर लोकर कातत बसला होता. शेजारी एक म्हातारी मेंढी, तिच्याही तोंडाला दात नव्हते. दोघं एकमेकांसारखेच दिसत होते.

"काय हुडकताय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"खोली."

"कुणासाठनं?"

"आमच्याचसाठी."

मी घास हातात धरून आडनावाची वाट बघत बसलो. म्हातारा म्हणाला, "चालून दावा."

"काय?"

"त्या विहिरीपतूर जावा आन् माघारी या. दोघं बी."

बायको मला म्हणाली, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय." तिला हळू बोलता यायचं नाही. म्हातारा म्हणाला, "फिरलंय. पर खोल्या माझ्या हायती."

गेलो. आलो. म्हातारा आमच्या पायांकडं बघत होता. म्हणाला, "बाई पुढं चालती. तू मागनं येतोस, पर थांबत न्हाईस. बरं हाय. ऱ्हावा."

मेंढरू विकत घेताना तोंड बघायचं नाही, चाल बघायची, असं ते पुढं मला कितीदा तरी बोलले. "तोंड समद्यांचं गरीबच आसतं. खोट पायात दिसती."

बायको मात्र तिथंच उभी राहिली. "आबा, आधीच सांगते. आम्ही बौद्ध हाय. मागनं कळलं म्हून उठवलं, आसं नको."

"म्या इचारलं का?"

"न्हाई, पर—"

"मग आधी खोली बघ की. शेवटची हाय. दुपारचा पत्रा तापतो, मागं गटार हाय, आन् पावसाळ्यात दार फुगतंय. घ्यायची का?"

इतक्या दिवसांच्या फिरण्यात ती पहिल्यांदा हसली. "आसं सांगितल्यावर कोण घेईल हो खोली?"

"कोण घेतंय? म्हून तर रिकामी हाय."

मग म्हणाले, "आन् आजून एक. दिवाळी झाली की सरकायचं."

"कुठं सरकायचं?"

"एक खोली पुढं."

आम्हाला वाटलं काही तरी बोलायची पद्धत असेल. पद्धत नव्हती. ते खरंच होतं.

आबांची रीत अशी. दिवाळी झाली, की सगळ्या बिऱ्हाडांनी एकाच दिवशी सगळं सामान अंगणात काढायचं. खोल्या झाडायच्या, चुना मारायचा, आन् मग प्रत्येकानं एक एक खोली नळाच्या बाजूला सरकायचं. आठवीतल्यानं सातवीत, सातवीतल्यानं सहावीत. पहिल्या खोलीतला, म्हणजे नळाशेजारचा, फिरून गटाराकडच्या आठवीत. एक खोली कायम रिकामी ठेवायची म्हणजे सरकायला जागा होते. त्या वर्षी सातवी रिकामी होती. नवा भाडेकरू ऐकूनच हसायचा. हसणं संपलं की चिडायचा. टीव्हीचा अँटेना काढा, देव काढा, पिठाचे डबे काढा, पुन्हा लावा. कशासाठी?

आबा सांगायचे, "मेंढरं रानात बसवत्यात म्हाईत हाय का? जाळी लावून रातभर एका जागी बसवायची. खाली लेंड्या, मूत, चांगलं खत पडतं. दुसऱ्या दिशी जाळी उचलून पुढं लावायची. मग बाजूचा तुकडा. आसं समदं रान व्हतं. एकाच जागी बसवली तर ती जागा जळती, आन् बाकीचं रान उपाशी ऱ्हातं. मेंढरास्नी रोग व्हतो ते येगळंच."

"पर आबा, आम्ही काय मेंढरं हाय का?" कोणी तरी दरवर्षी विचारायचंच.

"न्हाई. मेंढरं कुरकुर करत न्हाईत."

भाड्याचं त्यांना कधी पटलंच नाही. मेंढरं शेतात बसवली की शेतकरी धनगराला धान्य देतो. जागेवर राहणाऱ्यालाच द्यायची रीत त्यांना माहीत. भाडं घ्यायला पोरगा यायचा तेव्हा आबा तोंड फिरवून बसायचे. एकदा मला हळूच म्हणाले, "माझ्या रानात तुम्ही बसता, राबता, पोरं वाढवता, आन् वर पैसं बी तुम्हीच देता. उलटंच की रं हे समदं." पोरगा ऐकत होता. म्हणाला, "आबा, तुम्ही लोकर काता."

आणखी एक. आबांच्याकडं मेंढ्या कातरायची जुनी कातर होती. तिला रोज तेल लावायचे. पण मेंढी उरली होती एकच, आन् तिचीही लोकर झडत आलेली. मग त्यांची नजर आमच्या डोक्यांवर जायची. मी एकदा बळी पडलो. साहेबानं केस बारीक करून यायला सांगितलेलं, न्हाव्याकडं गर्दी. आबांनी मला खाली बसवलं, मान दोन गुडघ्यांत धरली आन् कचाकच सुरू. मी सुटायला बघितलं तर मेंढराला म्हणतात तसं "हुर्र, हुर्र" करून थोपटायला लागले. बायकोनं मला बघितलं आन् पायरीवर बसूनच घेतलं, उभी राहू शकेना हसून. डोक्यावर नांगरट झालेली. कारखान्यात सगळी पाळी मी टोपी घालून काढली. ती गोष्ट ती कुणालाही सांगायची, आमच्या सुनेला बघायला गेलो तिथंसुद्धा सांगितली.

आबांचं शेवटी असं झालं. छातीत कफ झाला, पोरांनी उचलून स्लॅबच्या घरात नेलं, पंख्याखाली ठेवलं. आम्ही भेटायला गेलो तर वर स्लॅबकडं बोट करून म्हणाले, "ह्ये खाली येतंय." माझ्या बायकोनं पोराला सरळ सांगितलं, "त्यांना भाईर घ्या. बरं व्हायचं तर भाईर व्हतील, जायचं तर भाईर जातील." दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. तिनं सांगितलं म्हणून त्यांनी ऐकलं. लिंबाखाली खाट टाकली. तिथं ते आणखी काही दिवस जगले आन् एका सकाळी मेंढी ओरडायला लागली तेव्हा आम्हाला कळलं. बायको स्वतःच्या बापाला रडली नाही एवढी रडली. ती गेली तेव्हा मला तसं रडता आलं नाही. ते असो.

त्यांच्या माघारी सरकणं बंद झालं. पोरांनी दारांवर ऑइलपेंटनं नंबर टाकले, प्रत्येकाला वेगळा मीटर दिला. ज्या खोलीत जो होता तो तिथंच राहिला. काही वर्षांनी आम्ही जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या. चांगल्या पक्क्या.

आता जी गोष्ट बायको सगळ्यात जास्त सांगायची, ती सांगतो. ही आमच्या पहिल्याच दिवाळीची.

तेव्हा नळाशेजारच्या पहिल्या खोलीत एक भाऊसाहेब होते. पतपेढीत कारकून. इस्त्रीची पँट, हातात चेनची बॅग, म्हणून सगळे भाऊसाहेब म्हणायचे. त्यांची बायको, तिला आम्ही वहिनी म्हणायचो, आन् भाऊसाहेबांची म्हातारी आई. ते मधल्या खोलीत आले होते आन् दरवर्षी एक एक सरकत नळापर्यंत पोचले होते. तोवर त्यांची काही तक्रार नव्हती. आता त्यांची फिरून आठवीत जायची पाळी होती. आठवीत आम्ही होतो.

सकाळी सगळ्यांनी सामान काढलं. अंगणात खाटा, स्टोव्ह, ट्रंका, देवांचे फोटो. आम्हीही काढलं. आबांची आणखी एक रीत होती, की खोली सोडताना आत पाण्याचा भरलेला हंडा ठेवायचा, मागनं येणाऱ्यासाठी. जाळी उठवायची ती जागा चांगली करून, असं म्हणायचे. बायकोनं आठवी खोली सारवली, नळाला पाणी होतं तोवर हंडा भरून आणून कोपऱ्यात ठेवला, वर ताट झाकलं. आता आम्ही सातवीत शिरायचं, आमच्या मागं भाऊसाहेब आठवीत, मग पहिलीत दुसरीवाला, असं ओळीनं.

भाऊसाहेब जागचे हललेच नाहीत. आबांना बाजूला घेऊन बोलायला लागले. बाजूला म्हणजे आमच्यापासून हातभर.

"आबा, गैरसमज नको. मी काही तसला नाही. पण घरात आई आहे. ह्यांच्या मागं त्या खोलीत... तिच्या मनाला ते बरं वाटायचं नाही."

आबा टकळी फिरवत म्हणाले, "तुझ्या आईला इचारलं का?"

"तिला काय विचारायचं?"

तेवढ्यात आबांचा थोरला पोरगा मोटरसायकलवर आला. त्याला आधीच निरोप गेला होता. त्यानं तोडगा काढूनच आणला होता. म्हणाला, "आबा, सोपं हाय. आठवी ह्यांना कायमची देऊन टाकू. बाकीचे हायती ते आपसात फिरतील. ह्यांचंबी सामान हलवायचं कष्ट वाचत्यात. काय पाव्हणं, बरोबर हाय का न्हाई?"

हे 'पाव्हणं' मला होतं. माझ्या डोळ्यांपुढं आमचं गाव आलं. गावात आमची घरं कडंला, खालच्या अंगाला, जिकडं सगळं पाणी वाहून येतं तिकडं. इथंही कडंला, गटारापाशी, कायमचं. फरक एवढाच, की इथं त्याचं भाडं भरायचं.

बायको तोवर भांडी गोळा करायला लागली होती. पातेल्यात पातेलं घालून लुगड्याच्या धडप्यात गाठोडं बांधत होती. मला म्हणाली, "चला अवो. दुसरं बघू."

"अगं, आता कुठं बघायचं?"

"कुठं बी. व्हरांडा हाय आजून दौंडला. पर जिथं समदी हलत्यात आन् आपणच खिळून बसायचं, तिथं मला न्हाई ऱ्हायाचं."

आबांनी टकळी थांबवली. पोराला म्हणाले, "समदी फिरत्यात आन् एकच बांधून ठिवायचं? मग ते कळपातलं मेंढरू न्हाई. ते खुंट्याला बांधलेलं बोकड. आन् बोकड कशापायी बांधत्यात रं?"

पोरगा मोटरसायकलकडं वळला.

"पोरी, गाठोडं सोड," आबा बायकोला म्हणाले.

"आबा, तुम्ही चांगलं हायसा. पर तुमच्या कळपात आम्ही मावत न्हाई."

"मावायचं काय त्यात? नवं मेंढरू सोडलं की बाकीची चार दिस हुंगत्यात. मग ईसरत्यात. तू हुंगू दे की."

"मी मेंढरू न्हाई, आबा. मला कळतं कोण हुंगतंय ते."

आबांनी टकळी खाली ठेवली. मग ते म्हणाले, "बरं. मग संध्याकाळपतूर थांब. त्यापुढं मी तुला आडवणार न्हाई." आन् सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "भाऊसायेब आठवीत गेल्याबिगर कुणीच कुठं जायाचं न्हाई. समद्यांनी भाईरच बसा."

"आबा, हे काय!" भाऊसाहेब म्हणाले. "जबरदस्ती आहे का?"

"न्हाई रं. मेंढरू आडलं की हाकायचं नसतं. बसायचं." आन् ते घोंगडी ओढून बसले.

सात बिऱ्हाडं अंगणात. आमच्या लाइनीत एक भय्या वेल्डर होता, तो आपल्या ट्रंकेवर पाय सोडून म्हणाला, "चाचा, पिकनिक है क्या?" बायांनी तीन दगड मांडून भात शिजवायला घेतला. आबांना तर आनंदच झाला. उघड्यावर चुली पेटलेल्या, आजूबाजूला पोरंटोरं, त्यांना त्यांची फिरस्ती आठवली असणार. धूर झाला तिकडं तोंड करून बसले. थोरला पोरगा दोनदा आला, दोनदा गेला. दुसऱ्या खोलीवाली बाई वहिनीला ऐकवायला लागली, "आमचं पीठ उन्हात तापतंय हो, तुमच्यापायी." वहिनी कोणाकडंच बघेना. खरं सांगायचं तर तिचं दुखणं नळ होता. दाराशी नळ असण्याचं सुख एकदा लागलं की सुटत नाही. पण नळासाठी अडलोय असं म्हणायला लाज वाटते. आमच्यामुळं अडलोय असं म्हणायला वाटत नव्हती.

माझी बायको गाठोड्यावर बसून होती. गाठ सोडली नव्हती. जेवलीही नाही. मी घड्याळ नसलेल्या मनगटाकडं बघत होतो. संध्याकाळी कुठं जायचं, हेच डोक्यात. दौंडची गाडी धरायची, तर सामान कसं न्यायचं? आन् सकाळची पाळी?

दुपार कलली. नळ केव्हाच गेलेला. कोणाच्या कळशीत थेंब नाही, सगळं भातात आन् भांड्यांत संपलेलं. भाऊसाहेबांची म्हातारी सकाळपासून एका खाटेच्या कडेला बसून होती. ती उठली. कुणाला काही बोलली नाही. भिंत धरत धरत लाइनीच्या टोकाला गेली आन् आठव्या खोलीत शिरली.

वहिनी धावली. मागनं भाऊसाहेब. आम्ही सगळेच उठलो. म्हातारी आत हंड्यापाशी बसली होती. ताट बाजूला सरकवलेलं, ओंजळीनं पाणी पीत होती.

"अहो आत्याबाई! काय करताय? ते त्यांचं—"

"पाणी हाय," म्हातारी म्हणाली. "गार हाय."

"अहो, पण—"

"काय पण पण लावलंस? सकाळधरनं घशाला कोरड पडलीया. कुणी इचारलं का मला?" मग तिनं दारातनं आत आलेल्या उन्हात पाय पसरले आन् गुडघे चोळायला लागली. "हितं ऊन येतंय बघ. त्या नळाच्या खोलीत वल आन् लिंबाची सावली, माझं गुडघं पार आखडून गेलं. बोलून बोलून दमले, तर ह्यो म्हणतो, आई, नळ जवळ हाय. नळ काय मला चोळतोय व्हय रं? माझं आंथरूण आण. मी हितंच."

भाऊसाहेब दारात. बाहेर वेल्डर मोठ्यानं म्हणाला, "अम्मा का फैसला हो गया!" बाया पदरात हसल्या. आबा हसले नाहीत. जागेवरून उठलेसुद्धा नाहीत. नुसतं म्हणाले, "चला, उचला." आन् सगळ्यांनी आपापली ट्रंक उचलली.

म्हातारीनं काही पुण्य केलं असं मी म्हणत नाही. तिला तहान लागली होती आन् गुडघे दुखत होते. बायको पण तेच म्हणायची. "पुण्य करायला गेली आसती तर भाऊसायेबानं ओढून भाईर काढली आसती," म्हणायची.

आन् वहिनी काही एका दिवसात बदलली नाही. आठवीत शिरल्या शिरल्या तिनं फिनेलनं जमीन दोनदा पुसली. आम्ही भिंतीला मारलेले खिळे राहिले होते, ते नवऱ्याकडनं एक एक उपटून घेतले. भोकं चुन्यानं बुजवली आन् दुसरीकडं नवे खिळे मारले. भिंतीच्या अलीकडं आम्ही सातवीत, सगळं ऐकत होतो. हातोडीचा ठोका पडला की आमच्या फळीवरची भांडी वाजायची. मी म्हणालो, "अगं, गाठोडं सोड आता." ती म्हणाली, "थांबा. आवाज बंद होऊ दे." अंधार पडायला लागला तेव्हा आवाज बंद झाला. मग तिनं दातानं गाठ सोडली.

वर्षभर वहिनी तिच्याशी कामापुरतं बोलायची. मग कामापेक्षा जरा जास्त. म्हातारी मात्र ऊन आलं की दारात बसून हिला हाका मारायची, "राहूवाली, चहा केलास का गं?"

पुढची दिवाळी झाली. सामान काढायचा दिवस आला. आम्ही सातवीतनं सहावीत, भाऊसाहेब आमच्या मागं सातवीत. मी सकाळीच पक्कड घेऊन भिंतीचे खिळे काढायला लागलो होतो. मागच्या वेळी जे झालं ते झालं, आता आपलं काही मागं ठेवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. एक खिळा काढला. बायको नळावरनं हंडा घेऊन आली. हंडा कमरेवर तसाच, खाली ठेवला नाही.

"अवो, काढू नका."

"का?"

"वहिनी नळावर भेटल्या. म्हणल्या, खिळे राहू द्या तुमचे. जागा बरोबर हाय त्यांची, तिथंच फळी लावायची म्हणत्यात."

मी काढलेला खिळा परत त्याच भोकात घातला, आन् हातोडी नव्हती म्हणून पकडीनंच ठोकला.